बाटल्या पास, वेळापत्रक नापास

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. चार सिरमचा हा 'ग्लो' संच घेऊ नका. त्यातल्या दोन बाटल्या सुट्या घ्या, उरलेल्या पैशांत सनस्क्रीन घ्या आणि ते कंजुषी न करता लावा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. असाच संच थोड्याफार फरकाने आज बरेच जण विकतात, खोक्याचा रंग तेवढा वेगळा. आणि माझी तक्रार बाटल्यांत भरलेल्या मालाबद्दल फारशी नाहीच. खोक्यात घडी घालून ठेवलेलं एक गुळगुळीत, फिकट जांभळं पत्रक आहे, ज्यावर सकाळ-रात्रीचं वेळापत्रक छापलंय. तक्रार त्याबद्दल आहे.

मी महाप्याला एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. राहते ऐरोलीत. भाची शिकायला माझ्याकडे असते, रोज ट्रान्स-हार्बरने नेरुळला जाते. संच तिने मागवला, ऑफरमध्ये 1,499 रुपयांना. त्यामुळे हा माल दोन चेहऱ्यांवर तपासला गेला. एक विशीतला, तेलकट, हनुवटीवर पिंपल येणारा. दुसरा माझा, चाळिशी उलटलेला, गालांच्या हाडांवर वांग असलेला, आणि वर्षानुवर्षं ठाणे-बेलापूर रोडवर स्कूटरवरून ऊन खाल्लेला.

खोक्यात तीस-तीस मिलिलिटरच्या चार बाटल्या: पंधरा टक्के व्हिटॅमिन सी, दहा टक्के नायसिनमाइड (व्हिटॅमिन बी3 चं एक रूप), दहा टक्के ग्लायकोलिक आणि दोन टक्के सॅलिसिलिक ॲसिड यांचं मिळून एक पीलिंग सिरम, आणि अर्धा टक्का रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चं एक रूप). टक्क्यांचे आकडे बाटलीवर नावापेक्षा मोठे. सनस्क्रीन नाही, मॉइश्चरायझर नाही. चार ॲक्टिव्ह्ज, म्हणजे त्वचेवर थेट काम करणारे घटक, आणि त्यांना सांभाळून घेणारं कोणीच नाही, अशी ही टीम.

पत्रक म्हणतं: सकाळी व्हिटॅमिन सी, त्यावर नायसिनमाइड. रात्री पीलिंग सिरम, दहा मिनिटं थांबा, त्यावर रेटिनॉल. रोज. सगळ्यात खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात, गरोदर स्त्रियांनी वापरू नये आणि दिवसा सनस्क्रीन लावावं, असं.

मी ते वाचून भाचीला म्हटलं, "अगं, हे रोज रात्री? दोन्ही?" ती म्हणाली, "मावशी, कंपनीनेच लिहिलंय ना." आणि तिचं चूक कसं म्हणणार? औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं आपण पाळतोच की.

पंधरवडा उलटायच्या आत तिला तोंड धुताना नुसतं पाणी झोंबायला लागलं. नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत सालं निघायला लागली. गालावर, जिथे तिला कधीच काही येत नाही, तिथे लालसर-तपकिरी पट्टा. तिचं म्हणणं, हे 'पर्जिंग' आहे, रील्समध्ये सगळ्या सांगतात, आधी वाईट होतं मग छान होतं. पर्जिंग खोटं नाही. रेटिनॉइडने, म्हणजे रेटिनॉल आणि त्याच्या घराण्यातल्या रसायनांनी, पेशींची उलाढाल वाढते आणि आत दबून बसलेली पुरळं एकदम वर येतात. पण ती येतात नेहमीच्याच जागी आणि काही आठवड्यांत ओसरतात. ज्या मॉइश्चरायझरने कधी काही झालं नाही तेसुद्धा लावताना चुरचुरत असेल, तर ते पर्जिंग नव्हे. त्वचेचं वरचं कुंपण मोडलंय आणि ते थांबा म्हणून सांगतंय.

आता खरा मुद्दा. 'अमुक तमुकाबरोबर लावू नका' अशा याद्या सगळीकडे फिरत असतात. त्यांत दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलेली असते. काही जोड्या एकमेकांना रासायनिकदृष्ट्या बिघडवतात. काही जोड्या एकमेकांना मुळीच काही करत नाहीत, पण दोघांचा ताण मिळून तुमच्या कातडीला सोसत नाही. पहिल्या प्रकारात पैसे वाया जातात, दुसऱ्या प्रकारात चेहरा. पत्रक लिहिणाऱ्याने पहिल्याची काळजी घेतलेली दिसते, दुसऱ्याची अजिबात नाही.

पहिल्या प्रकाराचं नमुनेदार उदाहरण म्हणजे ट्रेटिनॉइन हे रेटिनॉइड आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड हे पिंपलवरचं औषध. जुन्या पद्धतीची ट्रेटिनॉइन जेल आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र लावलं आणि वर उजेड पडला, की पेरॉक्साइड ट्रेटिनॉइनचं ऑक्सिडेशन करून टाकतं. म्हणून एक सकाळी आणि एक रात्री असं सांगायची पद्धत होती. पण त्याच घराण्यातलं अडापालिन या बाबतीत कणखर निघालं. ते पेरॉक्साइडसमोर टिकतं, इतकं की दोन्ही एकाच ट्यूबमध्ये भरून मिळतात. म्हणजे 'रेटिनॉइड आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड कधीच एकत्र नको' हा सरसकट नियम बरोबर नाही. कुठलं रेटिनॉइड, ते विचारायला हवं. (बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरणाऱ्यांनी उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा ठेवा. रंगीत कापडावर त्याचे डाग पडतात, रंगच उडवतं ते.)

व्हिटॅमिन सी आणि नायसिनमाइड यांच्याबद्दलची भीतीही पहिल्याच प्रकारातली, आणि बरीचशी पोकळ. नायसिनमाइडचं निकोटिनिक ॲसिड होतं आणि त्याने चेहरा लाल होतो, असा तो धसका. ते होतं खरं, पण त्याला तीव्र आम्लता आणि उष्णता लागते, तीही बराच वेळ. चेहऱ्यावर काही मिनिटांत तसं काही घडत नाही. त्यामुळे पत्रकातल्या सकाळच्या वेळापत्रकाला माझा आक्षेप नाही. भाचीला हे दोन एकत्र कधी त्रासदायक झाले नाहीत, मलाही नाही.

रात्रीची जोडी मात्र दुसऱ्या प्रकारातली. ग्लायकोलिक वरच्या मृत थराची पकड सैल करतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून रंध्रांत शिरतं. रेटिनॉल आतून पेशींना घाई करतं आणि सुरुवातीच्या आठवड्यांत त्वचा कोरडी करतं, तो त्याचा स्वभावच. तिघांपैकी कोणीही चुकीचं वागत नाही. फक्त तिघांनी एकाच रात्री, रोज रात्री, तेच काम तीन बाजूंनी काढलं. मधे दहा मिनिटं थांबल्याने काय होणार? दहा मिनिटांत ॲसिडचं काम संपत नाही, आणि सैल झालेला थर परत घट्टही होत नाही.

बाटल्यांबद्दल सांगते, कारण त्या मला तपासायच्याच होत्या. माझ्या नोकरीच्या जागचा पीएच मीटर मी घरच्या कामाला वापरत नाही, म्हणून साध्या पीएचच्या पट्ट्या आणल्या. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा, जितका लहान तितकं आम्ल जास्त. पट्टी अंदाजच देते, पण इथे तेवढा पुरतो. पीलिंग सिरम साडेतीनच्या आसपास निघालं. रसायनशास्त्र विसरलेल्यांसाठी सांगते: ग्लायकोलिक ॲसिडचं काम करतं ते त्याचं मोकळं रूप, आणि पीएच 3.8 च्या आसपास असेल तेव्हा ते निम्मं मोकळं असतं. साडेतीनला सुमारे दोन तृतीयांश. पीएच पावणेपाच-पाचाकडे गेला, तर त्याच दहा टक्क्यांतला जेमतेम दहावा भाग कामाचा उरतो. म्हणून दोन कंपन्यांचं 'दहा टक्के' सारखं नसतं आणि बाटलीवरचा मोठा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या प्रसाधन-घटक तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने ग्राहकाने घरी वापरायच्या उत्पादनांसाठी जी चौकट घातली, ती दहा टक्क्यांपर्यंत, पीएच साडेतीनच्या खाली नाही, आणि उन्हापासून संरक्षण सोबत, अशी आहे. म्हणजे ही बाटली नेमकी त्या चौकटीच्या काठावर उभी आहे. काठावरचा माल रोज रात्री लावायला सांगणं, तेही रेटिनॉलखाली, हे मला पटत नाही.

उन्हाचं म्हणाल तर, अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाच्या, पुढाकाराने झालेल्या अभ्यासात चार आठवडे ग्लायकोलिक लावलेल्या त्वचेची अतिनील किरणांनी लाल होण्याची प्रवृत्ती 18 टक्क्यांनी वाढलेली दिसली. वापर थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली, ही त्यातली दिलाशाची बाजू. पण नेरुळ स्टेशनवरून भर दुपारी चालत कॉलेजला जाणाऱ्या मुलीला चार ॲक्टिव्ह्ज विकायची आणि सनस्क्रीन तळटिपेत ढकलायचं, याला काय म्हणावं?

व्हिटॅमिन सीची बाटली मला सगळ्यात आवडली. पट्टीवर तीनच्या आसपास. हे हवंच, एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड साडेतीनच्या वर त्वचेत नीट शिरत नाही. घटकांच्या यादीत टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई, आणि फेरुलिक ॲसिड दोन्ही. ही जोडणी उगाच नाही. ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने 2005 मध्ये दाखवलं होतं, की पंधरा टक्के सी आणि एक टक्का ई यांत अर्धा टक्का फेरुलिक घातलं, तर मिश्रण जास्त टिकतं आणि उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपटीपर्यंत जातं. एकत्र करण्याचा फायदा असा असतो, मोजून दाखवलेला. उणीव एकच: ड्रॉपरची बाटली. दर वेळी झाकण उघडलं की हवा आत. आपल्याकडच्या मे महिन्यात, खाडीवरची ती चिकट हवा, आणि बाटली बाथरूमच्या फळीवर. फिकट गवती रंगाचं सिरम बघता बघता चहासारखं होतं. आमची फ्रिजच्या दारात ठेवली तरी शेवटी शेवटी केशरी झाली. तपकिरी झालेलं व्हिटॅमिन सी लावू नका, टाकून द्या. पंप असलेली बाटली दिली असती, तर पैकीच्या पैकी दिले असते.

नायसिनमाइडची बाटली चांगली, पण दहा टक्के कशाला? पिंपल आणि डाग यांवरचे जे अभ्यास नेहमी सांगितले जातात, ते चार-पाच टक्क्यांवर झालेले आहेत. दहा टक्क्यांनी दुप्पट काम होतं असं नाही, काहींचा चेहरा मात्र उगाच तापतो. पट्टीवर सहा, शांत माल. ही ठेवण्यासारखी.

रेटिनॉलची बाटली तेलातली, स्क्वालेनमध्ये. तिथे पीएचची पट्टी बुडवून उपयोग नाही, पाणीच नाही तर पीएच कसला. भाचीने तरी बुडवून पाहिली, पट्टी नुसती तेलकट झाली. अर्धा टक्का रेटिनॉल हे पहिल्यांदा वापरणाऱ्याला जास्तच. युरोपीय संघाने 2024 मध्ये नियम करून चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉल 0.3 टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं. त्यामागे जळजळीपेक्षा शरीरात एकूण व्हिटॅमिन ए किती जातं, हा हिशोब आहे, हे मान्य. तरी ज्या आकड्याला तिकडे कमाल मर्यादा मानतात, त्याच्याही पुढून आपल्याकडे 'बिगिनर्स किट' सुरू होतो, हे लक्षात घ्या. हो, खोक्यावर तसा शब्द आहे, 'बिगिनर्स'.

पुढे काय केलं ते सांगते. भाचीचं सगळं बंद केलं. साधा, फेस न करणारा फेसवॉश, सेरामाइडवालं मॉइश्चरायझर, रात्री सालं निघालेल्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, दिवसा सनस्क्रीन. ताईने फोनवरून बेसन-हळद आणि लिंबू सुचवलं. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या जवळ असतो. जिला पाणी झोंबतंय तिला लिंबू लावायचं? ताईला म्हटलं, लिंबू सरबतात घाल. पट्टा रेंगाळल्यावर वाशीच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंना दाखवलं. त्यांनी बाटल्यांचे फोटो बघितले, पत्रक वाचलं, आणि म्हणाल्या, "वस्तू ठीक आहेत, पण हे वेळापत्रक गोऱ्या कातडीलासुद्धा जड आहे, आपल्या कातडीला तर जाऊच दे."

हे आपल्याकडे जास्त मनावर घ्यायला हवं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत जळजळ नुसती जळजळ राहत नाही. लाली ओसरते आणि तिथे काळपट डाग उरतो, तो जायला महिने लागतात. म्हणजे डाग घालवायला आणलेल्या संचाने नवा डाग दिला. 'थोडं चुरचुरलं म्हणजे काम करतंय' हे वाक्य परदेशी व्हिडिओंतून आपल्याकडे आलंय. आपल्या कातडीला ते परवडत नाही.

गाल पूर्ण शांत झाल्यावर एकेक करून परत सुरू केलं. लॅबमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, नाहीतर निकाल कशामुळे आला ते सांगता येत नाही. इथेही तेच. आधी नायसिनमाइड, एकटं, दोनेक आठवडे. ते रुळल्यावर रेटिनॉल, पण आधी कानामागे आणि जबड्याच्या कडेला काही रात्री लावून बघितलं, मग चेहऱ्यावर आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढं, मॉइश्चरायझरच्या दोन थरांच्या मधे. याला 'सँडविच' म्हणतात. रेटिनॉल त्यामुळे थोडं मंदावत असेल, मंदावू दे. घाई कुणाला आहे? वरचा थर बदलायलाच तरुण वयात चारेक आठवडे लागतात, दोन रात्रींत निकाल मागून चालत नाही.

पीलिंग सिरम तिच्यासाठी आठवड्यातून एकच रात्र, रेटिनॉलच्या रात्री कधीही नाही. 2022 च्या सुमारास अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञ डॉ. व्हिटनी बो यांनी 'स्किन सायकलिंग' लोकप्रिय केलं: एक रात्र ॲसिड, एक रात्र रेटिनॉइड, पुढच्या दोन रात्री फक्त मॉइश्चरायझर, मग परत पहिल्यापासून. नाव नवं, शहाणपण जुनं. त्यातल्या त्या दोन मोकळ्या रात्री कंपनीच्या पत्रकात असत्या, तर हा रिव्ह्यू वेगळा झाला असता. पण मोकळ्या रात्री बाटली संपत नाही, आणि बाटली संपली नाही तर पुढची ऑर्डर येत नाही. हा माझा संशय, पुरावा नाही.

माझ्या चेहऱ्याचं थोडक्यात. वांगाला या संचाचा उपयोग मर्यादित. व्हिटॅमिन सी सकाळी सुखाने चाललं. पीलिंग सिरम मी एकदा जबड्याला लावून बघितलं आणि पुढे गेले नाही; वांगावर जळजळ म्हणजे आगीत तेल. डॉक्टरांनी मला ॲझेलाइक ॲसिड दिलं. ते पिंपलवरही चालतं, डागांवरही, आणि गरोदरपणातही चालण्यासारख्या मोजक्या गोष्टींत ते मोडतं. रेटिनॉइडचं तसं नाही. तोंडावाटे घ्यायची आयसोट्रेटिनॉइन गर्भाला घातक आहे हे पक्कं आहे, आणि लावायची रेटिनॉइडंही खबरदारी म्हणून बंद ठेवायला सांगतात. खोक्यावर हे मोठ्या अक्षरात हवं होतं, तळटिपेत नाही. वांग असलेल्यांनी सनस्क्रीन घेताना रंगाचं, आयर्न ऑक्साइडवालं बघा. वांग नुसत्या अतिनील किरणांनी गडद होत नाही, दिसणाऱ्या प्रकाशानेही होतं, आणि तो अडवायला साध्या पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा हे बरं. स्कूटरवर हेल्मेट आणि स्कार्फ आहेच.

सनस्क्रीनच्या मात्रेबद्दलही सांगायलाच हवं. एसपीएफचा आकडा मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून. चेहरा आणि मान मिळून साधारण दोन बोटांवर काढलेल्या दोन पूर्ण रेघा. रोज एवढं लावलं, तर पन्नास ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. तुमची सहा महिने पुरत असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, त्याचा वास घेता.

दोन इशारे, जे कुठल्याच पत्रकात नसतात.

पार्लर. आमच्या सेक्टरमधल्या पार्लरमध्ये भाची आयब्रो आणि अप्पर लिप्स करायला जाते. रेटिनॉल किंवा ॲसिड चालू असताना त्या जागी वॅक्स केलं, तर केसांबरोबर वरची कातडीही सोलून येते. आधी काही दिवस बंद ठेवायचं, आणि पार्लरवालीला तसं सांगायचं. ती विचारत नाही, आपणच सांगायचं. सालं निघत असताना ब्लीच किंवा 'डी-टॅन' तर नकोच. लग्नसराईत आदल्या दिवशी फेशियल करून, घरी येऊन वर पीलिंग सिरम लावणाऱ्या मुली मला माहीत आहेत.

आणि मेडिकल. 'डागांसाठी काहीतरी द्या' म्हटल्यावर जी छोटी ट्यूब पुढे येते, तिच्यावर तीन नावं असतील तर ती ठेवून निघा: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं एखादं स्टेरॉइड. तिघांना एकत्र आणण्याची मूळ कल्पना अडाणी नाही. 1975 मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी डागांसाठी असं तिहेरी मिश्रण मांडलं. ट्रेटिनॉइनने हायड्रोक्विनोनला आत जायला मदत होते, आणि स्टेरॉइड दोघांची जळजळ दाबतं. सगळं डॉक्टरच्या नजरेखाली, ठरावीक आठवड्यांपुरतं. आपल्याकडे तीच ट्यूब गोरं करणारी क्रीम म्हणून वर्षानुवर्षं चोळली जाते. चेहरा पातळ होतो, लाल रेषा दिसायला लागतात, पिंपल वाढतात, आणि बंद केली की सगळं दुप्पट उसळतं, म्हणून परत तीच ट्यूब. 2018 मध्ये सरकारने लावायच्या स्टेरॉइडांना शेड्यूल एचमध्ये आणलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंकडे ती ट्यूब भाजीवाल्याच्या पिशवीतल्या कोथिंबिरीसारखी येते, न मागता. त्यांना अचानक बंद करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा, एवढं तरी मी सांगितलंय. आणि हो, तशा ट्यूबवर या संचातलं रेटिनॉल लावायचा विचारही नको, त्यात एक रेटिनॉइड आधीच आहे.

आता ग्राहकसेवा. मी कंपनीला लिहिलं: पीलिंग सिरम आणि अर्धा टक्का रेटिनॉल एकाच रात्री, रोज, हे वेळापत्रक कोणत्या आधारावर दिलं, आणि सनस्क्रीन खोक्यात का नाही? उत्तर लवकर आलं, हे कबूल. 'प्रत्येकाची त्वचा वेगळी असते, आपल्या त्वचेनुसार वापर करावा', आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट. परत लिहिलं की वेळापत्रक त्वचेनुसार छापलेलं नाही, सगळ्यांना एकच छापलंय. त्यावर तेच उत्तर, कूपन मात्र पंधरा टक्क्यांचं. अजून दोनदा लिहिलं असतं तर संच फुकट मिळाला असता. उघडलेल्या बाटल्या परत घेत नाहीत, त्याला माझी हरकत नाही, प्रसाधनांत ते योग्यच.

हिशोब. याच दर्जाचं नायसिनमाइड, पाच टक्क्यांचं, सुटं साधारण तीन-साडेतीनशेला मिळतं. कमी टक्क्यांचं रेटिनॉल पाचशेच्या आत-बाहेर. उरतात सहा-सातशे, त्यात पन्नास ग्रॅमचं चांगलं सनस्क्रीन येतं. तेलकट, पिंपलवाल्या तरुण त्वचेला एवढं पुष्कळ आहे. व्हिटॅमिन सी हवंच असेल, तर पुढच्या महिन्यात, पंपाच्या बाटलीत, छोट्यात छोट्या आकाराचं. पीलिंग सिरम घेऊच नका असं म्हणत नाही, पण ते तुमची पहिली बाटली नसावी. पिंपल दुखणारे, गाठीसारखे असतील तर यातलं काहीच न घेता थेट डॉक्टरकडे जा. 1,499 मध्ये तपासणीची फी भागते आणि वर औषधंही येतात.

आमच्या बाटल्यांचं म्हणाल, तर नायसिनमाइड भाचीने संपवलं, रेटिनॉल आठवड्यातून दोनदा चालू आहे, व्हिटॅमिन सी मी वापरलं. पीलिंग सिरम बरंच उरलं. ते सध्या ताईच्या टाचांना लावलं जातंय, भेगा नसलेल्या भागावर, आणि तिथे ते उत्तम काम करतंय. टाचांसाठी पाचपैकी साडेचार.